माझ्या पोटात ऊन आले

सात मजले, अठ्ठेचाळीस खांब, दोन जिने आणि एक कुरकुरणारी लिफ्ट, एवढा माझा संसार. वय बेचाळीस. मित्रांनो, या वयाच्या माणसाला कोणी म्हातारे म्हणत नाही. पण वाढत्या शहरात इमारतींना म्हातारपण फार लवकर येते. आम्हाला ते येत नाही खरे तर, लोकच ते आमच्यावर लादतात. माझ्यावरही लादले होते. पण माझी गोष्ट रडगाणे नाही. मी जिंकले, म्हणून ती सांगते आहे.

माझा पाया खणला तेव्हा समोरचा रस्ता मातीचा होता. शहराला ऑफिसे हवी होती आणि एका विमा कंपनीला स्वतःची इमारत हवी होती. बांधकामावरच्या मुख्य गवंड्याला सगळे 'ओळंबेमामा' म्हणत, कारण भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा त्यांच्या खिशात कायम असे. मामा बोलायला कडू, पण कामाला एकदम चोख. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकला तेव्हा ठेकेदार घाईला आला होता.

"मामा, दहा दिवसांत टेकू काढा. वरचं काम खोळंबलंय."

"खोळंबू द्या," मामा म्हणाले. "रांगत्या पोराला पळायला लावता काय? तीन आठवडे एकही टेकू हलणार नाही. हलवायचा असेल तर आधी मला हलवा."

मामांना हलवणे कोणाच्या बापाला जमले नसते. तीन आठवडे ते स्वतः हातात पाइप धरून सकाळ-संध्याकाळ मला पाणी पाजत राहिले. त्या पाण्याने माझी हाडे घट्ट झाली.

मग माझे सोन्याचे दिवस आले. सहाशे माणसे रोज माझ्याकडे कामाला येत. टाइपरायटरांचा असा काही कडकडाट चाले की खिडकीवर पाखरू बसत नसे. माझी लिफ्ट आरशांची होती. शेजारपाजारच्या गावांतून पाहुणे आले की यजमान त्यांना मुद्दाम त्या लिफ्टमधून वरखाली फिरवून आणत आणि पाहुणे खाली उतरताना केस नीट करत. वर्तमानपत्रात माझा फोटो आला होता. मी फुशारले होते, कशाला खोटे बोलू?

एक खोड मात्र माझ्यात जन्मापासून होती. मी जेवढी लांब, तेवढीच रुंद. चारी बाजूंनी खिडक्या होत्या, पण खिडकीतला उजेड दहा-बारा पावले चालून दमायचा. माझ्या पोटात कायम अंधार. तिथे भर दुपारीही ट्यूबलाइट जळत. मधल्या टेबलांवरच्या कारकुनांना बाहेर पाऊस आहे की ऊन, ते जेवणाच्या सुट्टीत खाली उतरल्यावर कळे. एक कारकून तर म्हणायचे, "मी सकाळी आठला रात्रीत शिरतो आणि सहाला संध्याकाळी बाहेर येतो. माझ्या आयुष्यात दुपार नाहीच."

शहर वाढत गेले. बाहेरच्या वळणरस्त्याला काचेचे मनोरे उभे राहिले. त्यांच्यात गार हवा होती, सरकते जिने होते, गाड्यांना तीन-तीन तळघरे होती. माझ्याकडची विमा कंपनी तिकडे निघून गेली. शेवटचा ट्रक भरला तेव्हा साहेबांनी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. तळमजल्यावर कुरिअरचे एक छोटे ऑफिस उरले आणि ते झाडायला सफाईच्या मावशी उरल्या. वरचे सहा मजले रिकामे. अशी नऊ वर्षे गेली.

गंमत अशी, की पुढे त्या काचेच्या मनोऱ्यांतलेही निम्मे मजले ओस पडले. लोक घरूनच काम करू लागले होते. ऑफिसे उदंड झाली होती आणि राहायला घरे मिळत नव्हती. शहरात कामाला येणारे पाहुणे हॉटेलांच्या खोल्यांसाठी वणवण करत. तेव्हा एका बांधकाम व्यावसायिक घराण्यातल्या बहीण-भावाने मला विकत घेतले. थोरला भाऊ उंचापुरा, मोठ्याने बोलणारा. धाकटी बहीण इंजिनियर. बोलताना समोरच्याकडे कमी आणि छताकडे जास्त पाहणारी. कामगार तिला नुसते 'ताई' म्हणत.

भावाने पहिल्याच दिवशी फाटकात उभे राहून हात पसरले. "इथे तीस मजली हॉटेल. सगळं काचेचं. महिनाभरात हे धूड जमीनदोस्त."

धूड! मित्रांनो, देखणी म्हणवून घेतलेल्या बाईला हा शब्द कसा लागला असेल?

 ताईने पिशवीतून छोटा हातोडा काढला आणि माझ्या खांबांवर ठोकत एक-एक मजला चढू लागली. ठोके द्यायची आणि कान लावायची. डॉक्टर पाठीवर बोटे वाजवून छाती तपासतात ना, अगदी तसे. किल्ल्यांचा जुडगा घेऊन मावशी तिच्या मागून चालत होत्या. गच्चीवर पोचल्यावर ताई थबकली.

"मावशी, नऊ वर्षं इमारत बंद. मग गच्चीचा स्लॅब एवढा कोरडा कसा? एव्हाना पाणी साचून लोखंड गंजायला हवं होतं."

"पाणी कसं साचेल?" मावशी म्हणाल्या. "पन्हाळीच्या तोंडाची जाळी मी साफ करते ना. पाला अडकतो तिथे."

"तुम्हाला सांगितलं होतं कोणी?"

"सांगायला होतंच कोण? चहा प्यायला वर यायचे, तर दिसायचा पाला. दिसल्यावर तसाच टाकून कसं जायचं हो?"

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. मीही. नऊ वर्षे मला वाटत होते की मला सगळे विसरले.

त्या दुपारी बहीण-भावांची चांगलीच जुंपली.

"दादा, ही पाडायची नाही. खाली ऑफिसं, मध्ये घरं, वर हॉटेल. तिन्ही एकाच छताखाली बसवू."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? घरं म्हणजे प्रत्येकाचं स्वयंपाकघर, पाण्याच्या टाक्या, कपाटं. या जुनाट स्लॅबला पेलणार आहे का ते?"

"पेलेल. सिद्ध करून दाखवते."

"आणि नाही दाखवलंस तर?"

"तर सोमवारी तुझी पाडायची यंत्रं आण. मी तोंडातून ब्र काढणार नाही."

परीक्षा ठरली तिसऱ्या मजल्यावर. स्लॅबवर वाळूची पोती रचायची आणि खालून बारीक मापयंत्रे लावून मी किती वाकते ते बघायचे. पोती एक दिवस तशीच ठेवायची, मग उतरवायची आणि आणखी एक दिवस थांबायचे. जेवढी वाकले, त्यातले रुपयात बारा आणे, म्हणजे पाऊण भाग तरी, मी आपणहून परत वर यायला हवे होते. नाहीतर मी नापास.

गुरुवारी सकाळी पोती चढू लागली. एक थर, दोन थर, पाच थर. सहाशे माणसांचे ओझे मी हसत वाहिले होते, पण हे ओझे निर्जीव होते, एकाच जागी बसून होते, उठायचे नाव घेत नव्हते. माझ्या तुळया कळवळल्या. वाटले, आता कुठेतरी तडा जाणार. ताई खाली मापयंत्राजवळ उकिडवी बसून होती.  मी मनाशी म्हटले, पोरी, तू माझ्यासाठी सख्ख्या भावाशी भांडलीस. आता मी वाकेन, पण मोडणार नाही.

शुक्रवारी सकाळी आकडा आला. मी चार मिलिमीटर वाकले होते. पोती उतरली. शनिवारी सकाळी भाऊ स्वतः आला. त्याने बहिणीला बाजूला सारले, गुडघे टेकले, चष्मा कपाळावर चढवला आणि मापयंत्राला डोळा लावला. एकदा पाहिले. पुसून पुन्हा पाहिले.

"साडेतीन परत आलीय," तो म्हणाला.

"म्हणजे?" मावशींनी विचारले.

"म्हणजे बारा नाही, चौदा आणे!" तो उठला, पँटची धूळ झटकली आणि माझ्या खांबावर जोरात थाप मारली. "कोणी बांधली गं ही? आपल्या नव्या इमारती तरी एवढ्या परत येतात का?"

ताई हसत होती आणि डोळे पुसत होती. मावशींनी मात्र लगेच विचारले, "झालं ना? मग ही सांडलेली वाळू कोण काढणार?"

पण घरांसाठी अजून एक अडचण होती: माझे पोट. अंधारात संसार कोण मांडणार? ताईने नकाशावर मधोमध चौकोन आखला. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत आरपार कापायचे आणि मध्ये उघडा चौक करायचा.

भावाने डोक्याला हात लावला. "आधी म्हणतेस वाचवू आणि आता म्हणतेस पोट फाडू!"

"डॉक्टर फाडतात ते मारायला का, दादा?"

चौकाच्या कडेच्या खांबांना आधी पोलादी कवच चढवले. मग हिऱ्याच्या दातांची करवत आली. तिच्यावर पाण्याची धार सोडली आणि ती माझ्या गच्चीत शिरली. दुखले का? दुखले. पण मजला कापला गेला, तुकडा क्रेनने अलगद उचलला आणि त्या जागेतून निळे आकाश सहाव्या मजल्यावर आले. मग पाचव्यावर. मग चौथ्यावर. रोज उजेड एक जिना खाली उतरत होता आणि मी वेड्यासारखी त्याची वाट पाहत होते.

शेवटचा तुकडा निघाला तेव्हा बरोबर दुपारचे बारा वाजले होते. तळमजल्याच्या मधोमध उन्हाचा एक लखलखीत चौकोन पडला. बत्तीस वर्षे माझ्यात ऑफिस चालले, नऊ वर्षे मी रिकामी राहिले, पण ऊन तिथे पहिल्यांदाच आले. कामगारांनी शिट्ट्या वाजवल्या. मावशी त्या उन्हात जाऊन उभ्या राहिल्या आणि फरशीकडे निरखून पाहत म्हणाल्या, "अगं बाई! इथे एवढी धूळ होती? आणि मी म्हणे रोज पुसत होते!"

सगळे खो खो हसले. मीही हसले.

वर्षभरात काम झाले. तळाला आणि पहिल्या मजल्यावर ऑफिसे आली. मधल्या तीन मजल्यांवर छत्तीस घरे झाली. चौकाकडच्या प्रत्येक स्वयंपाकघरात ऊन आले. वरच्या दोन मजल्यांवर हॉटेल झाले. मावशींच्या हातात साऱ्या इमारतीच्या देखभालीची जबाबदारी आली आणि हाताखाली पाच माणसे. त्यांना त्या पहिला धडा गच्चीवर नेऊन शिकवतात.

भावाचे तर विचारूच नका. दर आठवड्याला तो दुसऱ्या बिल्डरांना घेऊन येतो. "पाडायला कोणालाही येतं हो," तो छाती पुढे काढून सांगतो, "आम्ही वाचवली!" ताई मागे उभी राहून गालातल्या गालात हसते. या एका रस्त्यावरच्या चार रिकाम्या ऑफिस-इमारतींचे पाडकाम रद्द झाले आहे. त्या चौघी माझ्या धाकट्या बहिणी.

एक छोटीशी गोष्ट सांगायची राहिली. लोक राहायला आले त्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरची एक शाळकरी मुलगी धापा टाकत जिना चढली, दार उघडले, दप्तर फेकले आणि फोनवर म्हणाली, "आजी, घरी पोचले गं!" मला आजवर ऑफिस म्हणाले, मालमत्ता म्हणाले, धूडही म्हणाले. घर कोणी म्हटले नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घराला, शाळेला माझ्यासारखे तोंड नसते. भिंतीला ओल दिसली, नळ गळताना दिसला, तडा दिसला, तर 'आपल्याला काय त्याचे' म्हणून पुढे जाऊ नका. त्याच दिवशी मोठ्यांच्या कानावर घाला. कोणी लक्ष दिले तर आम्ही शंभर वर्षेही हसत उभ्या राहतो.

बरे, आता मला रजा द्या. खाली कोणी खोली विचारायला आले आहे, आणि माझ्या दारावर आज दिमाखात पाटी झळकते आहे: 'जागा शिल्लक नाही.'