भिंतीतली ज्योत

दारात जोड्यांचा ढीग पडला होता आणि स्वयंपाकघरात मुंगी शिरायला जागा नव्हती. नव्याकोऱ्या पांढऱ्या टाइल्सच्या भिंतीतून, फळीसाठी पाडलेल्या भोकातून, बोटभर ज्योत जळत होती. ना वात, ना तेल! लोक आ वासून, हात जोडून उभे होते. गुडघ्यांनी हैराण झालेल्या म्हाताऱ्या आईला ज्योतीच्या अगदी पुढ्यात खुर्ची टाकून बसवलं होतं.

थोरली लेक कोपरं मारत आत शिरली. शाळेत विज्ञान शिकवण्यात तिची हयात गेली होती. धाकट्या भावाने घरात काम काढलंय एवढंच तिला ठाऊक होतं. हे भलतंच निघालं. उंबऱ्यातच सडक्या अंड्यासारखा वास तिच्या नाकात गेला.

"हा वास कसला?" तिने विचारलं.

"दिव्य गंध!" ज्योतीशेजारी ठाण मांडलेले फुंकरबाबा गरजले. "पापी नाकाला तो घाण वाटतो."

देवाला सगळे सुगंध सोडून नेमका हाच सुचावा!

"बघा, धरणीच्या पोटातलं तेज भिंत फोडून आलंय! मी हात उचलला की ते वाढेल, खाली केला की नमेल!"

आणि खरंच तसं झालं. गर्दीतून हुंदके आले. पण थोरलीचं लक्ष बाबांच्या हाताकडे नव्हतंच. पलीकडे शेगडीवर 'औषधी पाणी' उकळणारा शिष्य बाबांचा हात वर गेला की बटणं बंद करी, खाली आला की मोठी सोडी.

"आई, ऊठ. बाहेर चल."

"अगं, उतार पडतोय मला," आई अजिजीने म्हणाली. "तुझ्या भावाने किती मायेने बसवलंय."

थोरली तडक मागच्या बोळात गेली. सिमेंटच्या गोण्या ओढून तिने गॅसचा मुख्य कॉक शोधला आणि फिरवला. आत ज्योत थरथरली, बारीक झाली आणि गेली.

"कोपली! हिच्या पायगुणाने कोपली!" कोणीतरी ओरडलं.

"कोपली नाही, तिचा गॅस मी बंद केला," थोरली परत येऊन म्हणाली. "भिंतीत पाइप आहे, त्याला भोक पडलंय. शेगडी पेटली की गॅस तिकडे जातो, ज्योत लहान होते. शेगडी बंद, ज्योत मोठी. शेगडी हा शिष्य चालवतो आणि चमत्कार बाबांच्या नावावर जमा!"

बाबांनी काढता पाय घेतला. शिष्य तर त्यांच्याही आधी पसार झाला.

भाऊ मान खाली घालून उभा होता. "फळीसाठी भोक पाडलं त्याच दिवशी सुताराने सांगितलं होतं, ड्रिल पाइपला लागलं म्हणून," तो पुटपुटला. "पाइप दिसला की शोभा जाते, म्हणून मीच तो भिंतीत गाडून घेतला होता. आता सगळी भिंत उकरायची? बाबा म्हणाले, जळतंय तोवर भीती नाही."

"तुला ठाऊक होतं?" आईने विचारलं. "मग मला इथे का बसवलंस?"

"ते म्हणाले, घरचंच माणूस बसलं की लोकांचा विश्वास बसतो."

थोरलीला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ती लोकांकडे वळली.

"वाऱ्याने ही ज्योत विझली असती, तर गॅस घरभर कोंडला असता आणि पुढच्या काडीला आई गेली असती, तुम्हीही गेला असतात. घरात काम काढाल तेव्हा पाइप कुठून जातो ते आधी विचारा. तो भिंतीत गाडू नका. वास आला तर काडी नको, दिव्याचं बटणही नको. कॉक बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि गॅसवाल्यांना बोलवा. आणि पुन्हा कुठे ज्योत प्रकटली, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा, ही जळतेय कशावर?"

गर्दी पांगू लागली. दोघीतिघी तर पुटपुटत गेल्या, "चांगली ज्योत होती, घालवली मेलीने."

आई खुर्चीचा हात धरून उठू लागली. गुडघे होते तसेच दुखत होते. मुलाने लगबगीने हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली. "तू तुझी भिंत सांभाळ."