उकळून गार केलेलं पाणी

आमच्या सासूबाईंना एकवेळ कोणी खुनी म्हटलं तर त्या ऐकून घेतील, पण 'धूप घालू नका' म्हटलेलं त्यांना खपत नाही. गेल्या वर्षी शेजारच्या तावडेकाकांनी या दोन्ही गोष्टी एका दमात सुनावल्या. त्यांचे दोन गोल्डफिश मेले, आणि काकांनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं, शेवंतीवहिनींच्या धुरानेच माझे मासे गेले, आता तो धूप बंद करा. झालं! मुलुंडच्या आमच्या इमारतीत वर्षभर दोन दारांमध्ये अबोला. आईंनी धूप बंद केला नाही, दार तेवढं बंद केलं. मग काय, संध्याकाळी धूर घरात कोंडायचा आणि खोकत बसायचो आम्ही.

यंदा मे महिन्यात काकांची बहीण देवगडला पाय मोडून पडली. मजल्यावरचे बाकी सगळे गावाला गेलेले. काका किल्ली घेऊन दारात आले, मला म्हणाले, रेवती, नवे तीन मासे आहेत, तेवढं बघशील का? मी तोंड उघडायच्या आत आईंनी मागून हात घालून किल्ली घेतली. काका गेल्यावर म्हणाल्या, "एक जरी मेलो, तर तो म्हणतलो, हिनाच मारल्यान." त्या दिवसापासून घरात धूप पेटला नाही. लग्न होऊन आल्यापासून असं मी पहिल्यांदाच बघितलं, आणि मला त्यांची दयाच आली.

तिसऱ्या दिवशी नळाला गढूळ पाणी आलं. सोसायटीने फर्मान काढलं, पाणी उकळून प्या. आईंनी मोठं पातेलं चढवलं. आपण उकळून प्यायचं आणि त्या मुक्या जिवांनी घाण प्यायची, हे त्यांना पटेना. पाणी कोमट झाल्यावर त्यांनी माशांचं सगळं जुनं पाणी काढून हे नवं घातलं. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. तिन्ही मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले.

आईंचं धाबं दणाणलं. माझंही. मी अनुपमाला फोन लावला. माझी ही मैत्रीण घाटकोपरला कॉलेजात विज्ञान शिकवते. ती बया आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, मासे पाण्यात विरघळलेल्या हवेवर जगतात. पाणी जितकं गरम, तितकी त्यात हवा कमी. उकळताना पातेल्याच्या कडेला बुडबुडे येतात ना, ती हवाच निघून जाते. पाणी निवलं म्हणून ती लगेच परत येत नाही.

"मग घालायची कशी परत?" मी ओरडलेच.

"चहा गार करता तसं कर. या भांड्यातून त्या भांड्यात, उंचावरून."

उरलेलं पाणी आतापर्यंत गार झालं होतं. मी दोन पातेली घेतली, आई स्टुलावर चढल्या. गुडघेदुखी कुठे पळाली कोण जाणे! त्या वरून ओतायच्या, मी खाली झेलायचे, परत त्यांच्या हातात द्यायचे. ओटा, फरशी, माझी साडी, सगळं चिंब. मग काचेच्या भांड्यातलं थोडं थोडं पाणी काढत हे फेसाळलेलं पाणी घालत गेलो. बऱ्याच वेळाने एक मासा तळाशी गेला, मागून दुसरा, आणि शेवटी तिसराही. आई स्टुलावरच बसून रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

काका परतले तेव्हा मी आईंना डोळ्यांनी खुणावत होते, गप्प बसा. पण आईंनी पातेल्यापासून स्टुलापर्यंत सगळं सांगून टाकलं. काका खुर्चीत बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "गेल्या वर्षीही पाणी गढूळ आलं होतं. मीसुद्धा उकळूनच घातलं होतं."

मला वाटलं, आता आई वर्षाचा हिशेब चुकता करणार. मीच बाह्या सरसावून तयार होते. पण त्या काकांसाठी चहा टाकायला आत गेल्या.

संध्याकाळी काका जिन्यात येऊन उभे राहिले. गेल्या वर्षी उभे होते त्याच पायरीवर, आणि आवाजही तितकाच मोठा.

"शेवंतीवहिनी, दार उघडा. धूप घाला, आणि माझ्या घरातही येऊ दे."

आईंनी दार सताड उघडलं.