हेमा आठल्ये यांचे आभार

"हेमाताई, घाटातल्या लोरिसची फांदी तमिळनाडूच्या माळावरच्या लोरिसांत निघालीय. जुनी पुस्तकं सगळी रद्दीत," संगणकावरच्या वंशवृक्षाकडे बोट दाखवत डॉ. वरद म्हणाले.

"बरं. मंडईजवळ रद्दीवाला आहे, त्याला बोलावते," हेमा म्हणाली.

लोरिस म्हणजे रात्री झाडावर हिंडणारं, मूठभर अंगाचं आणि बटबटीत डोळ्यांचं, माकडाच्या भाऊबंदांतलं एक जनावर. पुण्यातल्या त्या संस्थेत हेमा बावीस वर्षं असल्या प्राण्यांचे नमुने सांभाळत होती. वरद दोन हजार साली अमेरिकेहून आले, जनुकांवरून कोण कोणाचा सख्खा नि कोण चुलत ते सांगणारी विद्या घेऊन. अक्कल मात्र विमानतळावरच राहिली असावी, असं हेमाचं स्वच्छ मत होतं.

नमुना अल्कोहोलमध्ये ठेवताना शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ट्यूबच्या आतच टाकायची, ही संस्थेची जुनी रीत. वरदनी ती हसण्यावारी नेली आणि संगणकावर छापलेली स्टिकरं आणली. अल्कोहोलचा ओघळ लागताच त्यातली दोन सुटून डब्याच्या तळाशी पडली. वरदनी ती स्वतःच, अंदाजाने, परत चिकटवली. हेमा मात्र हट्टाने चिठ्ठ्या टाकतच राहिली होती.

आता तिने त्या दोनपैकी एक ट्यूब आणून दिव्यासमोर धरली. "बाहेर लिहिलंय घाट, आत तमिळनाडू. वाचा आपणच."

वरदांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "चिठ्ठीच चुकली असेल तुमची. सोमवारी पेपर जातोय."

"मग दोन्ही नमुने पुन्हा तपासा. दोन आठवड्यांचं काम."

"कॉन्फरन्स थांबणार आहे का तुमच्यासाठी? काढा ती चिठ्ठी."

"मी टाकलीय. काढायची तर आपण काढा."

त्यांनी ती खरोखरच चिमट्याने ओढून कचऱ्यात टाकली. हेमाला किळस आली. ती तडक संचालक आप्पासाहेबांकडे गेली. "ते एवढे शिकलेले आहेत, बाई," एवढंच ऐकून परत आली.

सहा महिन्यांनी पेपर छापून आला. वरदांचा सत्कार झाला, हेमाने पेढा घेतला नाही. मग ती ग्रंथालयात गेली आणि पेपर छापलेला अंक उघडला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं: नमुन्यांना अचूक लेबलं लावल्याबद्दल श्रीमती हेमा आठल्ये यांचे आभार.

तिने ग्रंथपालाकडून पट्टी मागून घेतली, आपल्या नावावर शाईची एक सरळ रेघ मारली, आणि ती वाळेपर्यंत अंक उघडाच धरून बसली.