खिडकीतला ‘जागा नाही’

मी फलक बोलतोय, यॉर्कमधल्या एका छोट्या अतिथिगृहाच्या खिडकीतला. शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर पोटात घाला. शाळा माझी लवकर सुटली. मी तिथल्या एका बाकाची फळी होतो. बाक मोडला, तेव्हा इथल्या मालकीण मेव्हिस एलरबीबाईंच्या यजमानांनी मला घरी आणलं, रंधा मारला आणि एका अंगावर ‘जागा आहे’, दुसऱ्या अंगावर ‘जागा नाही’ असं रंगवलं. माझी विद्या एवढीच.

हल्ली लोक फोनवरच खोल्या ठरवून येतात. माझ्याकडे बघायला कुणाला सवड नाही. पण घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा आला, की गावात पाय ठेवायला जागा उरत नाही आणि माणसं खिडक्या वाचत हिंडू लागतात. तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं.

यंदा त्याच आठवड्यात एका पाहुण्याने दुपारी न येण्याचा निरोप धाडला. वरची खोली मोकळी झाली. बाई मला उलटायला आल्या, तोच आतून केक करपल्याचा वास आला. त्या धावत गेल्या, मी ‘नाही’ म्हणत तसाच.

संध्याकाळी व्हिटबीचं एक म्हातारं जोडपं बॅग ओढत आलं. नॉर्मन आणि एनिड. दुसऱ्या सकाळी त्यांची नात इथल्या मोठ्या चर्चमध्ये पहिल्यांदाच एकटी गाणार होती. गावभर हिंडूनही त्यांना खोली मिळाली नव्हती, आणि घरी परतायची शेवटची बस सुटायला आली होती.

“दार वाजव ना,” एनिड म्हणाली.

“लिहिलंय की, जागा नाही. त्या बाईला पुन्हा तोंडाने ‘नाही’ म्हणायला लावायचं? बरं दिसतं का?”

“तुझं हे बरं दिसणं! लग्नाचंसुद्धा शेवटी मलाच विचारावं लागलं.”

अहो वाजवा, वाजवा, मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो. पण लाकडाचं कोण ऐकतं? दोघं वळली. वळताना बॅग कुंडीला लागली आणि जिरेनियमचा एक तुरा मोडला.

खोलीसाठी जे दार नॉर्मनला वाजवता आलं नाही, ते माफी मागायला त्याने लगेच वाजवलं.

“माफ करा बाई, तुमचं फूल मोडलं.”

“फुलाचं राहू द्या. इतके दमलेले दिसता, उतरलात कुठे?”

“कुठेच नाही. तुमच्याकडेही जागा नाही ना.”

“कोण म्हणतं?”

नॉर्मनने माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी कपाळाला हात लावला. “हा मेला दुपारपासून खोटं बोलतोय. या, आत या आधी.”

मेला म्हणाल्या, पण मला कोण आनंद झाला! माझे भाऊबंद कुठल्याही गावात दिसोत, त्यांना जरूर वाचा. पण एकदा दारही वाजवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नॉर्मन पुन्हा पुन्हा टाय सोडून बांधत निघाला. बाईसुद्धा हॅट घालून गाणं ऐकायला त्यांच्याबरोबर गेल्या. मागे घरावर मी एकटा, आणि वरच्या खोलीत आणखी एका रात्रीसाठी ठेवलेली त्या दोघांची बॅग. पाठीवर पिशव्या घेतलेली दोन पोरं फाटकाशी थांबली, मला वाचू लागली. मी छाती काढून त्यांना सांगितलं, जागा नाही. या वेळी ते खरं होतं.