टाकीमागचा वायपर

प्रतिक्षा मोकल परत का आली, हे एका वाक्यात सांगता येत होतं. ओमानमधल्या शाळेने तिला शिकवण्याबरोबरच वर्ग झाडायला आणि मुलांचे संडास धुवायला सांगितलं, आणि ती नाही म्हणाली. गावी, कासूत, आल्यापासून हे वाक्य तिने इतक्या जणांना ऐकवलं होतं की त्यातला राग केव्हाच संपला होता. आता नुसती माहिती उरली होती. अडचण अशी, की हे कारण घरात कुणाला कारणच वाटत नव्हतं.

"झारू मारायला सांगितली म्हनून आलीस?" आईने, काशीबाईने, पहिल्याच दिवशी विचारलं. ती ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"आणि संडास."

"आनि संडास." काशीबाईने शेंग मोडली. "मंग आमी जलमभर मिठागरावर काय अत्तर लावत व्हतो गो?"

वडील, जनू, भिंतीला टेकून बसले होते. मिठागरात उभं राहून त्यांचे गुडघे गेले होते आणि टाचांच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. त्यांनी एकच विचारलं, "परत घेतील का?"

घेणार होते. तोच प्रश्न होता. प्रतिक्षा इमर्जन्सी लीव्ह टाकून निघाली होती, व्हिसा रद्द झालेला नव्हता. शाळेचं वर्ष संपत आलं होतं, बोर्डाच्या परीक्षा तोंडावर होत्या आणि शाळेला विज्ञानाची दुसरी शिक्षिका मिळत नव्हती. मुख्याध्यापिकेचा निरोप आला होता: गुरुवारपर्यंत कळवा. परत या, इतर शिक्षिकांसारखं तुम्हीही काम वाटून घ्या, झालेलं विसरून जाऊ. नाहीतर व्हिसा रद्द करू.

छत्तीस वर्षांच्या, लग्न न केलेल्या, इकडच्या शाळांत तासिका तत्त्वावर तरुणपण घालवलेल्या बाईला दुसरी नोकरी कोण देणार होतं, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं. ते न बोलणं ताटापाशी येऊन बसायचं.

भाऊ अमोल धाटावला रसायनांच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. रात्रपाळी करून सकाळी यायचा आणि दात घासता घासता बोलायचा.

"आमच्याकडं बीएस्सी झालेला पोरगा हाय. ड्रम धुतो. त्याला सांगू का तुझं दुःख?"

"सांग."

"तो रडंल गं. तुझ्यासाठी नाय, तिकडं जागा रिकामी हाय म्हणून."

बुधवारी ती पेणला गेली, जुन्या शाळेत. तिथे गुणाजी भोईर सर अजून होते. त्यांनी ऐकलं आणि ते खुर्चीतच ताठ झाले.

"हा पेशाचा अपमान आहे. शिक्षकाच्या हातात खडू शोभतो, झाडू नाही. संघटनेतर्फे निवेदन देऊ."

"कुणाला?"

"ते बघू. आधी निवेदन तर तयार होऊ दे. तुमचा छोटासा सत्कारही ठेवू. ताठ कण्याच्या बाई म्हणून."

बाहेरून सातवीच्या दोन मुली झाडत झाडत शिक्षकखोलीत आल्या. सरांनी बोलणं न थांबवता चपला बाजूला सारल्या आणि पाय वर घेतले, म्हणजे मुलींना खालून नीट झाडता यावं. प्रतिक्षानेही पाय वर घेतले. मुली केर घेऊन निघून गेल्या. सर म्हणाले, "काय सांगत होतो मी?"

घरच्यांना वाटत होतं ती झाडूला लाजली. सरांना वाटत होतं ती झाडूला लाजली नाही, झाडूविरुद्ध उभी राहिली. दोन्ही खरं नव्हतं. तिच्या वाक्यात एक नाव गाळलेलं होतं, दिनेश हिलम.

दिनेश रोह्याजवळच्या कातकरी वाडीतला. प्रतिक्षा तरुणपणी आश्रमशाळेत शिकवायची तेव्हा तो तिच्या आठवीच्या वर्गात होता. पुढे बारावी करून तो घरी बसला, आणि दोन वर्षांपूर्वी ओमानच्या शाळेला सफाईसाठी माणूस हवा होता तेव्हा तिनेच पेणच्या एजंटला, हर्षदला, त्याचं नाव सांगितलं. दिनेश आला. चांगलं काम करायचा. शाळेत सफाईला तिघं होते. जानेवारीत मालकाने खर्च कमी करायचा म्हणून दोघांना काढलं. त्यातला एक दिनेश. राहिला तो केरळचा एक वयस्क काका. तो विमानात बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी शिक्षिकांच्या ग्रुपवर सूचना आली: आपली शाळा म्हणजे आपलं घर, घर आपणच स्वच्छ ठेवतो. खाली कुणी कुठल्या दिवशी काय धुवायचं ते लिहिलेलं.

बाकीच्या सगळ्या हो म्हणाल्या. प्रतिक्षा मुख्याध्यापिकेसमोर जाऊन उभी राहिली. "आधी दिनेशला परत बोलवा, मग आम्हाला काम सांगा."

"दिनेश कोण?" मुख्याध्यापिकेने विचारलं. दोन वर्षं तो रोज सकाळी तिच्या टेबलाची काच पुसत होता.

कासूत हे नाव तिने घेतलं नव्हतं. वाडीतल्या एका सव्वीस वर्षांच्या पोरासाठी मोकलांच्या मुलीने परदेशातली नोकरी टाकली, याचं गावाने काय केलं असतं ते तिला ठाऊक होतं. म्हणून वाक्य आखूड ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी ती रोह्याला निघाली. उत्तर देण्याआधी निदान त्या एका माणसाला खरं कारण कळावं, एवढंच तिच्या मनात होतं. तो म्हणाला असता, बाई नका जाऊ, तर ती गेली नसती. तसं तिने गाडीत ठरवलं होतं.

वाडीत दिनेशची आई गंगी दाराशीच बसली होती. प्रतिक्षाला पाहून ती गुडघ्यावर हात टेकत उठली.

"आली गो! बाई आली! रोशने, चटई टाक. म्हनत व्हते ना मी, बाई इसरायची नाय."

रोशनी, दिनेशची बायको, चटई घेऊन बाहेर आली. तिच्या तोंडावर इतकं हसू होतं की प्रतिक्षाला काही कळेना. मग गंगीने विचारलं, "कंदी जायाचा त्यानं? कपडं हायेत धुतलेलं."

"आजी, मी त्यासाठी नाही आले."

"मंग कशापायी?"

प्रतिक्षा चटईवर बसली. रोशनीचं हसू गेलं. ती आत गेली आणि कोरा चहा घेऊन आली. चहा चांगला होता, गुळाचा. गंगी पुन्हा बसली, आता थोडी पाठ करून. "बाय, उनाची आलीस. पान्याला आली असशील," ती स्वतःशीच म्हणाली.

दिनेश दुपारी आला. धाटावला टाक्या साफ करायच्या कामावर तो रोजंदारीने जात होता. कुणीतरी मोटारसायकलवरून सोडलं. प्रतिक्षाला पाहून त्याने मान हलवली, पण जवळ आला नाही. आधी मागे जाऊन अंगावर पाणी घेतलं. ओल्या केसांनी येऊन बसला तरी औषधासारखा एक वास त्याला होताच.

"बाई, तुम्ही तिथं माझं नाव का घेतलंत?"

तिला वाटलं होतं ही बातमी ती त्याला देणार आहे.

"तुला कुणी सांगितलं?"

"केरळवाला काका हाय ना अजून तिकडं. त्यानं फोन केला." दिनेशचा आवाज चढलेला नव्हता. "मालकाची दुसरी शाळा उघडतेय. एप्रिलपासून मला तिथं लावणार होते. व्हिसा तिकडून नवा काढायचा म्हणून घरी धाडलेलं. तोंडी बोललेले, कुणाला सांगू नको म्हणून."

"मला तरी सांगायचंस."

"कुणाला सांगू नको म्हणाले ना, बाई."

रोशनी दारात उभी राहून ऐकत होती.

"मग तुम्ही मॅडमसमोर उभ्या राहिलात, दिनेशला बोलवा म्हणून. मालकाला वाटलं, मीच जाताना तुम्हाला भरवून गेलो. हर्षदशेठचा फोन आला, तुझं नाव कापलं. भांडकुदळ माणूस नको म्हणाले."

"मी तुझ्यासाठीच बोलले, दिनेश. तुझं काम आम्ही उचललं असतं तर तुला परत यायला जागाच..."

"माझं काम?" तो हसला. "ते मालकाचं काम, बाई. आज मी करतो, उद्या तुम्ही, परवा कुणीतरी. माझं कुठलं? मी काय ते घेऊन जन्माला आलो?"

"तसं नव्हतं म्हणायचं."

"नसंल." त्याने वाद घातला नाही. तो दमलेला होता. ती म्हणाली असती की तसंच होतं, तरी बहुधा तो एवढंच म्हणाला असता.

"पोरा, बाईवर डाफरू नको," गंगी तिकडूनच म्हणाली. "तिनं तुला बेरीज शिकवली."

"बेरीज नाय, विज्ञान."

"तेच ते. काय उपेग झाला?"

यावर पहिल्यांदा सगळे हसले, प्रतिक्षाही. एक कोंबडी चटईच्या कडेवरून चालत गेली.

"मी काय करू, सांग," ती म्हणाली.

"परत जा. काम करा त्यांचं. आणि सांगा, दिनेशनं काय भरवलं नव्हतं."

रोह्याहून दिवा स्टेशनकडे जाणाऱ्या गाडीत तिला खिडकी मिळाली. नागोठण्याला तिने मुख्याध्यापिकेला लिहिलं: येते. काम करीन. मी बोलले त्याच्याशी दिनेश हिलमचा काही संबंध नाही. उत्तरात अंगठा आला आणि त्याखाली एक ओळ, दुसऱ्या विषयासाठी मालकांशी बोला. कासू आलं तेव्हा ती उतरली नाही. पेणला उतरली.

हर्षदचं ऑफिस बाजारात, एका मोबाइलच्या दुकानावर होतं. भिंतीवर विमानं. त्याने तिला पाहून दोन्ही हात जोडले.

"मॅडम, तुमच्यामुळं माझा बीपी वाढला. खरं सांगतो."

"मालकांना फोन लावा."

"आत्ता?"

"आत्ता."

त्याने लावला आणि फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मालक चिडलेले नव्हते. ते हिशेबी माणूस होते. बाई परत येतात हे चांगलं झालं, म्हणाले. पण स्टाफमध्ये चुकीचा संदेश गेला आहे, तर लेखी माफी द्यावी लागेल. आणि इतर शिक्षिका आळीपाळीने करतात तसं नको. तळमजल्याचे संडास वर्षभर बाईंकडे राहतील. तळमजल्यावर बालवाडी होती. तिथे धुवायचा दिवस आला की बाकीच्या शिक्षिकांची डोकी दुखायची.

हर्षदने तिच्याकडे पाहिलं आणि हातानेच विचारलं, काय सांगू?

"चालेल," प्रतिक्षा फोनकडे वाकून म्हणाली. "माफी देते. तळमजला घेते. पण दिनेशला दुसऱ्या शाळेत घ्या. त्याने मला काहीही सांगितलं नव्हतं. त्याला माहीतसुद्धा नव्हतं."

पलीकडे कुणाशी तरी अरबीत दोन शब्द झाले. मग मालक म्हणाले, "बघू. पेपर पाठवायला सांगा त्याला." फोन बंद झाला.

"म्हणजे घेणार?"

"मालक बघू म्हणाला की होतं बहुतेक."

"बहुतेक?"

"मॅडम, आमच्या धंद्यात बहुतेक म्हणजेच पक्कं. पक्कं म्हणाला असता तर मीच घाबरलो असतो." हर्षदने ड्रॉवर उघडून पेढ्याचा बॉक्स काढला, मग तिचा चेहरा पाहून परत ठेवला.

जिन्यातच तिने दिनेशला फोन केला. पेपर हर्षदकडे दे म्हणून सांगितलं. मालक बघू म्हणाले, तेही जसंच्या तसं सांगितलं, त्यात काही वाढवलं नाही. माफीचं आणि तळमजल्याचं ती सांगणार नव्हती, पण त्याने विचारलं, "असंच कसं ऐकलं त्यांनी?" आणि तिला सांगावं लागलं.

फोनवर मागे रोशनी काय झालं, काय झालं, विचारत होती.

"तळमजल्याच्या मागं पाण्याची टाकी हाय, बाई. काळी."

"हो."

"तिच्या पाठीमागं भिंतीला माझा वायपर उभा हाय. लांब दांड्याचा. स्टोअरवाला देतो तो आखूड असतो, वाकून वाकून कंबर जाते. मी हा बांबू लावून केलेला. निघताना तिथं ठेवला. काकाला पण नाय सांगितलं."

"बरं."

"तो घ्या. कुणाला देऊ नका."

"नाही देणार."

"पोरं साबण गिळतात कधीकधी," तो म्हणाला. "बघत जा." आणि त्याने फोन ठेवला.

ती घरी पोचली तेव्हा अमोल रात्रपाळीला निघत होता. त्याने गाडीला किक मारता मारता भुवया उंचावल्या. तिने मान हलवली. "तेव्हाच सांगायचं ना हो म्हणून," तो ओरडला, "एवढं विमानाचं भाडं वाचलं असतं!" आणि गेला.

काशीबाई ओटीवरच होती. दुपारी सोललेले वाल सुपात पसरलेले, शेंगांचा दुसरा ढीग पुढ्यात.

"जातंस?"

"जाते."

"झारू मारशील?"

"मारीन. संडास पण."

"तेच सांगत व्हते मी गो. हात काय झिजतान?" काशीबाईच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. ती सरकली, लेकीला बसायला जागा केली. आतून जनूंनी विचारलं, "घेतलान का?" काशीबाई ओरडून म्हणाली, "घेतलान!"

प्रतिक्षा बसली. घरात सांगायच्या वाक्यात आजही ते नाव आलं नव्हतं आणि आता ते कधी येणारही नव्हतं. तिने ढिगातल्या मूठभर शेंगा पदरात ओढल्या आणि पहिली शेंग मोडली.