चहाच्या कपाखालचा शोधनिबंध

मी शोधनिबंध बोलतोय. थांबा, पान उलटू नका. आजवर सगळ्यांनी तेच केलंय. नऊ पानं, चार तक्ते आणि शीर्षक इतकं लांब, की वाचणारा मध्येच श्वास घ्यायला थांबतो आणि पुन्हा माझ्याकडे वळतच नाही.

माझा जन्म परळच्या एका रुग्णालयात, मूल होत नसलेल्या बायकांच्या ओपीडीत झाला. तिथे प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ बाईच्या गर्भाशयात सोडतात. त्याला सगळे ट्रान्सफर म्हणतात. ती झाली, की घरोघरी एकच हुकूम: हलू नकोस! पायांखाली उशी, शिंकेचीही भीती, मोरीपर्यंत जायला सोबत. तिथल्याच डॉ. संघमित्रानं, माझ्या लेखिकेनं, दोनशे बारा बायका अभ्यासल्या. निम्म्या पडून राहिल्या, निम्म्यांना तिनं सांगितलं, "उठा, घरी जा, रोजची कामं करा." शेवटी दोन्हीकडे दिवस राहिलेल्या बायका जवळजवळ सारख्याच. म्हणजे पडून राहून काही फरक पडत नाही. हे एका ओळीत मावलं असतं. पण मग मला छापलं कुणी असतं?

तसंही लवकर कुणी छापलं नाहीच. तीन नियतकालिकांनी साभार परत केलं, चौथ्यानं घेतलं. पाच वर्षांत चार वेळा माझा दाखला दिला गेला. त्यातल्या दोन वेळा खुद्द संघमित्रानंच. तिसरा दाखला देणाऱ्यानं माझं शीर्षक चुकीचं लिहिलं.

माझ्यावर खरं प्रेम केलं ते सुंदराबाईंनी, संघमित्राच्या आईनं. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून माझं पानन् पान लॅमिनेट करून आणलं. "लेकीचं नाव छापलंय, दमट हवेनं खराब व्हायला नको." तेव्हापासून मी अमर आहे आणि मला फडक्यानं पुसता येतं.

मग संघमित्राचीच वेळ आली. वय अडतीस, दोन प्रयत्न फसलेले, गोठवलेला शेवटचा एक गर्भ उरलेला. ट्रान्सफर झाली आणि ती आईच्या चाळीतल्या खोलीत येऊन आडवी झाली. पायांखाली उशी! चादरीला डाग नको म्हणून सुंदराबाईंनी तिच्या चहाच्या कपाखाली माझं शेवटचं पान ठेवलं. कपाचा गोल बरोबर 'निष्कर्ष' या शब्दावर उमटला.

"तूच लिहिलंस ना, उठा म्हणून?" सुंदराबाईंनी विचारलं.

"ते दोनशे बारा जणींचं होतं गं आई. हा एकच आहे."

माझ्या लेखिकेचाच माझ्यावर विश्वास नव्हता.

दहाव्या दिवशी दुपारी कमल आली. लालबागची. माझ्यात नावं नाहीत, नुसते क्रमांक आहेत. पण मी तिला ओळखलं. एकशे सत्तेचाळीस. ट्रान्सफरनंतर ती चालत घरी गेली होती, वाटेत नारळ आणि भाजी घेऊन. दिवस राहिले नाहीत. सासू दोन वर्षं ऐकवत राहिली, "चालत सुटलीस म्हणून टिकलं नाही." तेव्हा संघमित्रानं तिला समोर बसवून माझा दुसरा तक्ता दाखवला होता: तुमच्या चालण्यानं काहीही झालेलं नाही, कमलताई.

मॅडम रजेवर, आईकडे आहेत हे कळल्यावर आज ती सोलकढी घेऊन आली होती.

"काय वो मॅडम, ताप आलाय?"

"नाही. ट्रान्सफर झालीय."

कमलनं उशीकडे पाहिलं.

"मग मॅडम... माझं चालण्यानंच गेलं का?"

तीन नियतकालिकांच्या परीक्षकांनीही मला इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता.

"नाही," संघमित्रा म्हणाली. पण पडल्या पडल्या म्हणाली. कमलनं मान डोलावली, डॉक्टरांचं पटलं नाही तरी लोक डोलावतात तशी, आणि पिशवीची घडी घालायला लागली.

संघमित्रानं उशी बाजूला सारली. "आई, माझी चप्पल कुठंय?"

"कुठं निघालीस?"

"कमलताईंना बसस्टॉपवर सोडून येते."

"अगं, तीन जिने आहेत!"

"राहू दे मॅडम," कमल घाबरली. "उगाच रिस्क कशाला?"

"रिस्क नाहीये, कमलताई. तुमच्या वेळेलाही नव्हती." हे म्हणताना तिचा हात दाराच्या चौकटीवर घट्ट होता. पण ती उभी होती.

सुंदराबाईंनी दोरीवरची कापडी पिशवी काढून तिच्या हातात दिली. "जातेच आहेस तर कोथिंबीर आण. आणि निवडून घे, मागच्या वेळी सगळी पिवळी आणलीस."

दिवस राहिलेत का ते सांगणारी रक्ततपासणी परवा आहे. तिचं उत्तर माझ्या नऊ पानांत कुठेच नाही. तुम्ही मला वाचलं नाहीत तरी चालेल. पण एखादी कमल भेटली, तर तिला एवढं सांगा, की तिचं काही चुकलं नव्हतं.

चहा निवलाय. जिन्यावरून दोघींच्या चपलांचा आवाज खाली जातोय. एक मजला... दुसरा... आणि खरं सांगू? दोनशे बारा बायकांचा पुरावा पोटात असूनही मी श्वास रोखून धरलाय.