खाडीतल्या जिताड्याचं काळीज

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला मात्र, देविका उखडलीच. "गजेंद्र भैया, ये किसका काट लाए आप? मुर्गी का है क्या?"

गजेंद्र वीस वर्षं यकृताचे कागदाहून पातळ काप काढत आलेले. असल्या चुका करणारा माणूस नव्हे तो. "जिताडा ही है, मैडम. उसी डिब्बे में आया था. बस शीशी अलग थी."

डबा प्रतिमाताईंचा होता. रेवदंड्याच्या खाडीत पिंजरे टाकून त्या जिताडा वाढवतात. दोन आठवड्यांपासून मासे पटापट मरत होते, म्हणून त्यांनी या वेळी मेलेल्यांची यकृतं लखनौला देविकाच्या प्रयोगशाळेत तपासायला धाडली होती. देविकाने आज सकाळीच अहवाल पाठवला होता, "यकृत निरोगी. तेच खाद्य चालू ठेवा." काम संपलं म्हणून चिनहटला घरी लवकर जायचं, असंही ठरवून टाकलं होतं बाईंनी.

जिताड्याचं यकृत तिला तोंडपाठ होतं. भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या टपोऱ्या, पांढऱ्या पेशी, चरबीने तट्ट भरलेल्या, आणि केंद्रक बिचारं कडेला दाबलेलं. आठ वर्षांपूर्वी तिने पिंजऱ्यातला सगळ्यात गलेलठ्ठ मासा निवडून त्याचा फोटो काढला होता आणि खाली दिमाखात लिहिलं होतं, निरोगी. तेव्हापासून येणारं प्रत्येक यकृत ती त्याच फोटोशी ताडून बघायची.

आता भिंगाखाली होत्या लहान, भरीव, गुलाबी पेशी. केंद्रक गोल, अगदी मधोमध. पेशींमधल्या रक्ताच्या वाटा मोकळ्या.

तिने ती बाटली मागवली. चिठ्ठीवर प्रतिमाताईंचं अक्षर होतं, "हा खाडीतला. जाळ्यात आला."

अमरावतीच्या शाकाहारी घरात वाढलेली देविका. जिताडा तिला भेटला तो थेट प्रयोगशाळेत, आणि तोही कायम पिंजऱ्यातलाच. पिंजऱ्याबाहेरचा मासा एकदा तरी बघावा, हे आठ वर्षांत सुचू नये? आजारी माशाला निरोगी म्हणून सगळ्यांना त्याच मापाने मोजत बसली! तिला स्वतःची लाज वाटली. चिठ्ठी तिने पुन्हा पुन्हा वाचली.

"मैडम, तबीयत ठीक है?" गजेंद्रांनी विचारलं.

तिने फोन लावला.

"प्रतिमाताई, सकाळचा अहवाल चुकीचा आहे. आधीचेही सगळे. तुमच्या माशांची यकृतं चरबीने बाद झालीत. खाद्य आत्ता बंद करा."

पलीकडे खाडीवरचा वारा ऐकू येत होता.

"किती उरलेत?" देविकाने भीत भीत विचारलं.

"दुपारी शेवटचा पिंजरा रिकामा केला, मॅडम."

"पण तुम्ही खाडीतलं यकृत का पाठवलंत? तुम्हाला शंका होती?"

"शंका कसली? कोळ्याची पोर मी. जिताड्याचं काळीज, तुमचं ते यकृत, लालच असतं, आमच्या माशांचं पिवळं पडलेलं. पिंजरे टाकल्यावर पहिल्याच वर्षी दिसलं होतं. आता मरायला लागले, म्हणून शेजारी चांगलं ठेवलं."

"मग बोलला का नाहीत हो?"

"आमचं काय, नुसतं डोळ्यांनी बघणं," प्रतिमाताई म्हणाल्या. "म्हटलं, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला दिसलंच असेल."